शेतकरी उत्पादक कंपनीचे कर्ज व मत्ता यांचे प्रमाण

सन २००२ च्या कायदादुरुस्तीमुळे शेतकऱ्यांना स्वतःच्या उत्पादक कंपन्या स्थापन करण्याची सोय झाली. त्यामुळे आंबा बागायतदार हा मालाचा पुरवठादार असतानाच कंपनीचा भागधारकही होऊ शकतो. भागधारकाने ताळेबंदातील एक आकडा तरी स्वतः काढून पाहावयास हवा. तो म्हणजे कर्जाचे मत्तेशी असलेले प्रमाण.

रीत सोपी आहे. एकूण कर्जास एकूण मत्तेने भागावे. कर्जात मुदत कर्ज, कॅश क्रेडिट व सभासदांकडून घेतलेल्या ठेवी ही सर्व धरावीत; ठेव घरच्याच माणसाची असली तरी ती परत करावयाची रक्कम होय. मत्तेत घसारा वजा जाता इमारत व यंत्रे, मालाचा साठा, येणी व बँकेतील शिल्लक येतात. भागाकार ०.४० आला, तर शंभर रुपयांच्या मत्तेपैकी चाळीस रुपये कर्जाचे आहेत असे समजावे.

परंतु रत्नागिरीच्या बागायतदारास येथे एक विशेष सावधगिरी बाळगावी लागते. ताळेबंद ३१ मार्चचा असतो आणि हापूसचा मुख्य हंगाम एप्रिल-मे महिन्यांत येतो. उदाहरणादाखल आमरस डबाबंद करणारी एक कंपनी घेऊ. ३१ मार्च रोजी तिची मत्ता ५० लाख व मुदत कर्ज २० लाख आहे. अन्य देणी नाहीत असे धरल्यास सभासदांचे ३० लाख व प्रमाण ०.४० होते. पुढे कॅनिंगचा आंबा खरेदी करून रस भरण्यासाठी कंपनी ५० लाखांचे कॅश क्रेडिट उचलते. जूनअखेर तेवढ्याच किमतीचे डबे गोदामात असतात. मत्ता १०० लाख, कर्ज ७० लाख, प्रमाण ०.७०. सभासदांचे मात्र ३० लाखच राहतात.

आता रसाचा भाव एक पंचमांशाने उतरला असे समजा. साठ्यातील १० लाख गेले, कर्जातील एक पैसाही गेला नाही. मत्ता ९० लाख व प्रमाण सुमारे ०.७८ होते, सभासदांच्या ३० लाखांचे २० लाख होतात. भावातील पाचव्या हिश्श्याची घट सभासदांच्या भांडवलाचा तिसरा हिस्सा घेऊन जाते. भागधारकाची जबाबदारी त्याच्या भागापुरती मर्यादित असते हे खरे. पण संचालकांनी बँकेस वैयक्तिक हमी दिली असल्यास त्यांस ही मर्यादा लागू पडत नाही.

मत्तेची किंमत तिच्या उत्पन्नावर कशी अवलंबून असते, याचे मोठे उदाहरण जिल्ह्यातच, गुहागर तालुक्यात आहे. प्रचंड कर्जावर उभारलेल्या दाभोळ वीज प्रकल्पाचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला व राज्य वीज मंडळाशी झालेल्या वादातून मे २००१ मध्ये बंद पडला. यंत्रे जागची हलली नव्हती. वीज विकली जाणे थांबताच त्यांची कमाई थांबली, कर्ज मात्र तसेच राहिले. सन २००५ मध्ये त्यासाठी रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी स्थापन झाली. तिलाही २०१३ मध्ये गॅसच्या टंचाईमुळे वीजनिर्मिती थांबवावी लागली.

कोणते प्रमाण सुरक्षित, याचा एकच आकडा सर्व धंद्यांस लावता येत नाही. डबे विकण्याचा करार आधीच झालेला असेल, तर जूनमधील ०.७० फारसे भयावह नाही. ग्राहक ठरलेला नसताना तेच प्रमाण धोक्याचे ठरते. दोन वर्षांपूर्वीचा साठा मूळ किमतीस दाखविला असेल किंवा येणी वर्षानुवर्षे तशीच पुढे ओढली असतील, तर त्या रकमा वगळून भागाकार पुन्हा करावा.

कॅश क्रेडिट घेणारी कंपनी बँकेस साठ्याचे पत्रक वेळोवेळी सादर करीत असते. सभासदांनी वार्षिक सभेपूर्वी ३१ मार्चच्या ताळेबंदासोबत जूनअखेरचे साठापत्रक व त्याच तारखेची कर्जाची बाकी चिटणिसांकडे लेखी मागावी, आणि किती डब्यांस ग्राहक ठरला आहे हेही विचारावे.