शर्वरीचा फायरबॉल

चि. निनाद,


वहिनीकडून कळलं ते खरं असेल, तर तुझ्या डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या टेबलावर तीन नवे हाउस रूल लागू झालेत. तिन्ही स्पेल टाकणाऱ्यांसाठी आहेत, आणि पाच खेळाडूंत स्पेल टाकणारी एकटी शर्वरी आहे. फायरबॉलच्या आठ फाशांचे सहा केलेस. प्रत्येक स्पेलआधी वीसबाजूंचा फासा टाकायचा, एक पडला की स्पेल आपल्याच माणसांवर उलटणार. आणि स्पेलला लागणाऱ्या साहित्याची चिमूटन् चिमूट वहीत मांडायची. ती म्हणे येत्या रविवारी येणार नाही, आणि तसं तिने तुला सांगितलेलंही नाही. मला हे न सांगणं जास्त लागलं. आपल्या घरात माणसं भांडत नाहीत, येणं बंद करतात. अप्पांचं आणि भाऊकाकांचं तुला ठाऊक आहे, ते उगाळत नाही. तुम्ही दोघंही माझ्या भावांची मुलं, तेव्हा मी कुणाची बाजू घेते आहे असं समजू नकोस. बाजू घ्यायचीच तर पुस्तकाची घेईन, कारण ते तू नीट वाचलेलं दिसत नाही.

या खेळात जादू जबरदस्त आहे ती मोजकी आहे म्हणूनच. मुळातली कल्पना जॅक व्हान्सच्या 1950 सालच्या ‘द डाइंग अर्थ’मधून आली: जादूगाराच्या डोक्यात थोडेच मंत्र मावतात आणि उच्चारलेला मंत्र पुसला जातो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 साली डन्जन्स अँड ड्रॅगन्स आणला तेव्हा हाच हिशेब घेतला. 1978 च्या प्लेयर्स हँडबुकात पहिल्या पातळीच्या जादूगाराला दिवसाला एक स्पेल आणि जिवासाठी चारबाजूंचा फासा. दुसरी पातळी गाठायला चोराला 1,251 गुण पुरत, जादूगाराला 2,501 लागत. आणि स्पेल म्हणता म्हणता कुणी वार केला की स्पेल फुकट. पुढे 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत गुणांचा तक्ता सगळ्यांना एकच झाला, वार बसला तरी स्पेल वाचवायची सोय आली, आणि एकेक लगाम सैल होत गेला. 2008 ला उलट टोक गाठलं: फायटर काय, विझार्ड काय, सगळ्यांना हवं तेव्हा, लढाईत एकदा आणि दिवसातून एकदा अशा एकाच साच्याच्या करामती. तोल साधला, पण सगळे एकसारखे वाटतात अशी तक्रार झाली. 2014 च्या पाचव्या आवृत्तीने मग दोन लगाम ठेवले. एक कॉन्सन्ट्रेशनचा: हेस्ट, फ्लाय, होल्ड पर्सन यांतलं एका वेळी एकच धरता येतं, आणि वार बसला की दहा किंवा निम्मी इजा, यांत जे मोठं त्याविरुद्ध फासा टाकावा लागतो. दुसरा लगाम दिवसाचा, आणि माझ्या मते तुझं घोडं तिथेच अडलंय.

त्या वर्षीच्या डन्जन मास्टर्स गाइडचा अंदाज असा, की दोन लाँग रेस्टच्या, म्हणजे दोन पूर्ण झोपांच्या, मधे पार्टीला मध्यम ते अवघड अशा सहा ते आठ चकमकी झेपतात. तुझ्याकडे रविवारी एक मोठी लढाई होते, ती संपली की सगळे झोपतात, आणि पुढच्या रविवारी शर्वरीचे स्पेलचे स्लॉट भरलेले असतात. हाही हाउस रूलच आहे, फक्त तो तू ठरवून केलेला नाहीस. आता हिशेब कर. पाचव्या पातळीच्या विझार्डला तिसऱ्या दर्जाचे दोन स्लॉट. लढाई तीन फेऱ्यांची धरली तर शर्वरीच्या तीनपैकी दोन फेऱ्यांत फायरबॉल फुटणार, आणि तुमच्यातल्या ओंकारचा फायटर बघत राहणार. तेच सहा लढायांचा दिवस धर. मधे शॉर्ट रेस्ट मिळाला आणि आर्केन रिकव्हरीने एक स्लॉट परत आला, तरी अठरा फेऱ्यांत तीन फायरबॉल. उरलेल्या पंधरांपैकी बऱ्याच फेऱ्यांत ती फायर बोल्ट टाकेल, लागला तर सरासरी 11. ओंकारचे लाँगसोर्डचे दोन वार, ताकद 18 धरली तर मिळून 17, आणि ते प्रत्येक फेरीत, न संपता. शिवाय त्याचे ॲक्शन सर्ज आणि सेकंड विंड शॉर्ट रेस्टला परत येतात, आणि तुझ्या टेबलावर शॉर्ट रेस्ट कुणी घेतच नाही. तो चिडला असेल तर त्याचं बरोबर आहे. पण त्याचं देणं तुझ्याकडे आहे, शर्वरीकडे नाही.

म्हणून तुझे तीन नियम मला चुकीच्या जागी लावलेला मलम वाटतात. फायरबॉलचंच बघ. आठ फाशांची सरासरी 28, सहांची 21. गॉब्लिनचा जीव 7. तो चुकवण्यात यशस्वी होऊन निम्म्यावर सुटला तरी आधी 14 आणि आता 10, दोन्हींत मेलाच. म्हणजे जिथे तुला तिचा त्रास होता, घोळक्यात, तिथे काहीच बदललं नाही. आणि एकट्या दांडग्या शत्रूपुढे, जिथे फायरबॉल आधीच बेताचा होता, तिथे तिचं बळ गेलं. घोळका विरळ कर, तो दोन दमांत आण; वीस फुटांच्या त्रिज्येत सगळं जग मावत नाही. उलटणाऱ्या स्पेलचा नियम त्याहून वाईट. तिच्याकडे रोजचे नऊ स्लॉट. नऊ वेळा फासा टाकला तर एकदा तरी एक पडण्याची शक्यता 37 टक्के, आणि ती ओंकारवर हेस्ट टाकून त्याला मदत करत असली तरी तेवढीच. ओंकारला एक पडला तर नुसता वार चुकतो. राहिली साहित्याची वही. फायरबॉलला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक लागतं, ते वहीत मांडून कुणाचं भलं होणार आहे? किंमत न लिहिलेल्या आणि खर्ची न पडणाऱ्या वस्तूंचं काम फोकसने भागतं असं पुस्तकच सांगतं. किंमत लिहिलेल्या वस्तू मात्र जरूर मोज. रिव्हिव्हिफायला 300 सोन्याच्या नाण्यांचे हिरे लागतात आणि ते संपतात. तुझ्या राज्यात हिरे दुर्मीळ ठेवलेस तर मेलेला माणूस उठवणं हीच एक मोहीम होईल. असा लगाम गोष्टीच्या आतून येतो, आणि तो कुणाला टोचत नाही.

तू म्हणशील, तीन तासांच्या बैठकीत सहा लढाया कुठून आणू? आणू नकोस. बैठक संपली म्हणून पार्टीने झोपायलाच हवं असं कुणी सांगितलंय? उरलेले स्लॉट कागदावर लिहून ठेवा आणि पुढच्या रविवारी तिथूनच उचला. प्रवासाची कथा असेल तर त्याच गाइडमधला पर्याय घे: शॉर्ट रेस्ट आठ तासांचा, लाँग रेस्ट सात दिवसांचा. त्यात मेज आर्मरसारख्या आठ तासांच्या स्पेलची पंचाईत होते, तिथे थोडी मुदत वाढवून दे. आणि दरवेळी मारामारीच कशाला? फ्लाय वापरून ओलांडलेली दरी, नॉक वापरून उघडलेलं दारसुद्धा स्लॉट खातं. मोजदाद व्हायला हवी ती खर्चाची.

दुसरं म्हणशील, डन्जन मास्टरचा शब्द अखेरचा. आहेच. पुस्तकाने ती मुभा उघड दिलीय, आणि 2024 च्या नव्या पुस्तकाने स्वतःचे नियमही बदलले. काउंटरस्पेल आधी तिसऱ्या दर्जापर्यंतचा स्पेल आपोआप थांबवायचं. आता समोरच्याला फासा टाकून तो वाचवता येतो. एका पाळीत एकच स्लॉट खर्चायचा असंही आलं. पण हे बदल काय जातीचे आहेत ते बघ. ते तुझ्या खलनायक लिचलाही लागतात. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये चेंडू भिंतीपलीकडे गेला की आउट, हा नियम आधी ठरला तर सगळे पाळतात; एकाच्या पाळीत तो दोन षटकारांनंतर निघाला की भांडण होतं. शर्वरीने पातळी चढताना दर वेळी दोन स्पेल निवडले ते जुन्या नियमांवर विसंबून. मधेच नियम बदलायचाच असेल तर आधी तिला विचार आणि स्पेल बदलून घेऊ दे. न विचारता केलेला नियम कितीही मोजूनमापून केलेला असो, ऐकणाऱ्याला तो आपल्यावरचा शेरा वाटतो. ती ओरडून भांडली असती तर मला एवढी काळजी वाटली नसती, निनाद. ती गप्प आहे.

फार बोलले. पण एवढी मेहनत तू घेतोस, नकाशे काढतोस, पाच जणांच्या परीक्षा आणि शिफ्टा सांभाळून रविवार जुळवतोस, हे काय मला दिसत नाही? असा खेळ माझ्या तरुणपणी माझ्यापर्यंत पोचला नाही याची हळहळ आहे. पुस्तकं हातात आली तेव्हा टेबलाभोवती बसायला माणसं उरली नव्हती. म्हणून मी ती नुसती वाचते, आणि तुझं टेबल भरलेलं राहावं असं मला वाटतं. ओंकारला नाराज पाहून तू हे केलंस, हेही कळतं. वाईट हेतू नव्हता, तो तुझ्यात कधी नसतो.

रविवारच्या आधी शर्वरीला फोन कर. मेसेज नको, तो ती वाचून ठेवून देईल. तुझा विझार्ड नसला तर माझ्या त्या दुष्ट लिचपुढे काही अर्थ नाही, असं म्हण, ती हसेल. उचलला नाही तर संध्याकाळी पुन्हा कर, आणि तरीही नाहीच उचलला तर मला सांग, मी बोलते तिच्याशी. खाणं वेळेवर करत जा. वहिनी म्हणते, रविवारी दुपारचं जेवण तुम्ही सगळे विसरता.

तुझी,
आत्या