शून्य रोधाच्या तारेची परीक्षा

विद्यार्थी मित्रांनो, बिद्रीच्या शिवारात उसाला पाणी देणाऱ्या मोटारीचा स्टार्टर तुम्ही पाहिला असेल. त्यातला तारेचा स्क्रू ढिला झाला, की ती जागा तापून काळी पडते. असे का होते? प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणले, की दर सेकंदाला निर्माण होणारी उष्णता मिळते. प्रवाह 8 अँपिअर आणि ढिल्या सांध्याचा रोध अर्धा ओहम धरा. 8 × 8 × 0.5 म्हणजे 32 वॉट! (मेन स्विच बंद असल्याशिवाय तेथे हात मात्र लावू नका.)

आता हेच गणित घेऊन गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत जाऊ. सूर्यात हलक्या अणुकेंद्रांचे संमीलन होऊन ऊर्जा निघते. ती पृथ्वीवर मिळवण्यासाठी वायू इतका तापवावा लागतो, की तो भांड्याच्या भिंतीला टेकू देऊन चालत नाही. म्हणून त्याला चुंबकीय क्षेत्रात कोंडून ठेवतात. संस्थेच्या 'एसएसटी-1' या यंत्रात त्यासाठी नायोबियम-टायटॅनियमच्या तारांची 16 मोठी वेटोळी कड्यासारखी मांडली आहेत. हेलियमने त्यांना सुमारे उणे 268 अंश सेल्सिअसपर्यंत थंड केले, की ती अतिसंवाहक होतात. त्यांचा रोध शून्य होतो.

मग तपासायचे काय? मित्रांनो, तारेचा रोध शून्य झाला, तरी सांध्याचा होत नाही! प्रवाह 10,000 अँपिअर आणि सांध्याचा रोध ओहमचा केवळ दहा लाखावा भाग असला, तरी उष्णता होते 100 वॉट. त्या उष्णतेने शेजारची तार तापून अतिसंवाहकता गमावते, मग तीही उष्णता निर्माण करते. सांधा हजारपट चांगला असेल, तर उष्णता भरते फक्त 0.1 वॉट.

म्हणून प्रत्येक वेटोळे निर्वात टाकीत ठेवून थंड करतात आणि प्रवाह हळूहळू वाढवतात. कोठे अनपेक्षित विद्युतदाब दिसला, तर प्रवाह तात्काळ बाहेरच्या रोधकात वळवतात. 'एसएसटी-1'ची सोळाही वेटोळी जोडणीपूर्वी अशी 10,000 अँपिअरला तपासली गेली. 2013 साली यंत्रात पहिला प्लाझ्मा निर्माण झाला.

ही दक्षता फाजील नाही. 19 सप्टेंबर 2008 रोजी जिनीव्हाजवळच्या 'सर्न' संस्थेच्या महाकाय कणत्वरकात चुंबकांमधला एक सांधा निकामी झाला. कित्येक टन हेलियम बोगद्यात पसरले आणि यंत्र वर्षाहून अधिक काळ बंद राहिले.

आता तुम्हीच करून पाहा : फ्रान्समधील 'इटर' यंत्राच्या मोठ्या वेटोळ्यांसाठी 68,000 अँपिअर प्रवाह ठरवला आहे. सांध्याचा रोध ओहमचा अब्जावा भाग असेल, तर उष्णता किती?

(उत्तर : सुमारे 4.6 वॉट)