औषध, मजुरी आणि अन्न

क्षयरोग जंतूपासून होतो हे रॉबर्ट कॉख याने १८८२ साली दाखवून दिले. तथापि जंतूंनी शरीरात प्रवेश केला म्हणजे रोग झालाच असे नव्हे. ज्यांच्या शरीरात त्यांचा शिरकाव झालेला असतो, त्यांतील बहुसंख्य लोक जन्मभर निरोगी राहतात. ज्यांना रोग होतो त्यांची घरे, त्यांची कामे आणि त्यांची ताटे पाहिली, म्हणजे वैद्यकाच्या कक्षेबाहेरची वाटणारी पुष्कळ कारणे दिसू लागतात.

खेड्यातील रोगी अडाणी असतो, खोकल्याकडे दुर्लक्ष करतो आणि फार उशिरा दवाखान्यात जातो, अशी सुशिक्षितांची जुनी समजूत आहे. बंगलोर येथील राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतील देबबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातील खेड्यांत केलेल्या पाहणीचे निष्कर्ष १९६३ साली प्रसिद्ध झाले, आणि ही समजूत निराधार ठरली. ज्यांच्या बेडक्यात जंतू आढळले, अशा जवळजवळ सर्वांना आपल्या लक्षणांची जाणीव होती. निम्म्याहून अधिक रोगी उपचारासाठी कोठे ना कोठे जाऊनही आले होते. त्यांतील पुष्कळांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठवण्यात आले होते. म्हणजे रोगी दारापर्यंत आला होता; दाराने त्याला ओळखले नाही. दिवसाची मजुरी बुडवून आलेला माणूस अशी बाटली घेऊन परतला, की पुन्हा मजुरी बुडवण्यापूर्वी तो फार विचार करतो. या विलंबाला अज्ञान म्हणणे सोयीचे असेल, न्याय्य मात्र नाही.

उपचार अर्ध्यावर सोडणाऱ्याची गोष्टही अशीच आहे. औषधे सरकारी केंद्रात विनामूल्य मिळतात. परंतु प्रवासभाडे, ताटकळण्यात गेलेला दिवस आणि बुडालेली रोजंदारी यांचा खर्च रोग्याच्याच खात्यावर पडतो. पहिल्या एक-दोन महिन्यांत ताप उतरतो, खोकला कमी होतो, आणि कामावर परतणे भाग असते. नोंदवहीत अशा रोग्यापुढे अनेक वर्षे ‘डिफॉल्टर’ असा शेरा पडत असे. सावकाराच्या वहीतील थकबाकीदाराचा हा शब्द आजारी माणसासाठी कोणी निवडला असेल, याचे नवल वाटते.

अन्नाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण येथे एका उत्तम संशोधनाचाच अर्थ लावताना गफलत झाली. मद्रास येथे १९५६ साली क्षयरोग रसायनोपचार केंद्र सुरू झाले. शहरातील गरीब वस्त्यांतल्या रोग्यांचे दोन गट करून एकास आरोग्यधामात, तर दुसऱ्यास घरीच, तीच औषधे वर्षभर देण्यात आली. आरोग्यधामात विश्रांती आणि चांगला आहार होता; घरी दाटीवाटी आणि बेताचे जेवण. तरीही वर्षाअखेर दोन्ही गटांत रोग जवळजवळ सारख्याच प्रमाणात आटोक्यात आला, असे १९५९ सालच्या अहवालात नमूद आहे. आरोग्यधामातील खाटेची वाट पाहत झुरणाऱ्या असंख्य गरिबांना या निष्कर्षाने घरच्या घरी उपचार मिळवून दिला. हे उपकार लहान नव्हेत. परंतु ‘औषध असेल तर आहार कमी असूनही जंतू मरतात’ या विधानाचे हळूहळू ‘आहाराची गरजच नाही’ असे रूपांतर झाले, आणि औषधांच्या कार्यक्रमातून अन्न दीर्घकाळ बाहेर राहिले.

वास्तविक तो प्रयोग रोग्याच्या जंतूंविषयी होता; त्याच्या बायकामुलांच्या पोटाविषयी नव्हता. कमावता माणूस अंथरुणास खिळला की घरातील सर्वांचेच ताट हलके होते. अपुऱ्या आहाराने शरीराची प्रतिकारशक्ती खालावते, आणि त्याच घरात, त्याच हवेत श्वास घेणाऱ्या दुसऱ्या कोणात तरी सुप्त असलेले जंतू डोके वर काढतात. रोगातून दारिद्र्य आणि दारिद्र्यातून पुन्हा रोग, हे चक्र एका छपराखाली फिरते.

हे चक्र अन्नाने कितपत अडवता येते, याची मोजणी झारखंडमधील चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात झाली. या अभ्यासाचे संक्षिप्त नावही ‘रेशन्स’ असेच होते. २,८०० रोगी आणि त्यांच्या घरातील दहा हजारांहून अधिक माणसे त्यात होती. आरंभी दर पाच रोग्यांपैकी सुमारे चौघांचे वजन उंचीच्या मानाने कमी भरले. सर्व रोग्यांना दरमहा शिधा मिळाला. त्यांच्या कुटुंबीयांपैकी मात्र एकाच गटाला तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या देण्यात आल्या. या गटात क्षयाचे नवे रोगी ३९ टक्क्यांनी कमी आढळले, आणि फुप्फुसाच्या, बेडक्यावाटे पसरू शकणाऱ्या क्षयाचे ४८ टक्क्यांनी. एखाद्या लशीकडून अपेक्षावे असे हे फळ डाळभाताने दिले. ज्या रोग्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढले, त्यांच्यातील मृत्यूही कमी होते.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये ‘निक्षय पोषण योजना’ सुरू करून रोग्यास दरमहा ५०० रुपये देऊ केले. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. ती बँकेच्या खात्यातच जमा होते. खाते गावी आणि माणूस वीटभट्टीवर परमुलखात, अशी ज्याची स्थिती आहे, त्याच्यासाठी आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्याला आधी खात्याची कागदपत्रे जुळवावी लागतात, आणि मग वजनकाट्याकडे वळता येते.