बिनशिक्क्याची काच

चि. मुग्धास,


सुरई आणि सहा पेल्यांचे फोटो पाहिले. सेट देखणा आहे, पण दुकानदार ‘अस्सल बेल्जियम’ म्हणाला म्हणून लगेच बयाणा देऊ नकोस. चोरबाजारात ज्या काचेवर काहीच लिहिलेलं नसतं, ती हमखास बेल्जियमची असते! बर्मिंगहॅमच्या ऑस्लर या काचवाल्यांचं कलकत्त्यात दुकान होतं, बोहेमियाचा माल येत होता, आणि 1908 साली आपल्या तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, 1916 साली ओगलेवाडीचा. शिक्का नाही म्हणून माल हलका, असंही समजू नकोस. बरेच कारखाने नुसतं कागदी लेबल लावत. ते धुण्यात कधीच निघून गेलेलं असतं.

वस्तू उलटी करून उजेडात तळ बघ, भिंग घेऊन. वर्षानुवर्षं फळीवर सरकलेल्या काचेच्या तळाला, फक्त टेकणाऱ्या कडेवर, बारीक चरे दिसतात आणि ते वाटेल त्या दिशेने जातात. सगळे चरे एकाच दिशेचे, किंवा जिथे तळ टेकतच नाही तिथेही असतील, तर कुणीतरी पॉलिशपेपर फिरवलाय. मधोमध खडबडीत वण किंवा घासून गुळगुळीत केलेला खळगा असेल, तर फुंकल्यावर काठ घडवताना काच लोखंडी कांबीवर धरली होती. म्हणजे ती हातकामाची आहे. जुनी आहे असं मात्र त्यावरून ठरत नाही. हातकाम आजही होतं.

नक्षीच्या कडांवरून बोट फिरव. हाताने कापलेली नक्षी बोटाला बोचते, साच्यात दाबलेली बोथट लागते आणि बहुधा साच्याची शिवणही सापडते. टिचकीच्या नादावर मी फारसा विसंबत नाही. बंद तोंडाची सुरई शिशाच्या काचेची असली तरी नीट वाजत नाही. यूव्ही टॉर्चखाली पोपटी हिरवी झळाळली तर काचेत युरेनियम असेल, पण मंद हिरवट झाक मँगनीजनेही येते.

आता सुरईचं बूच. त्याच्या दांड्यावर आणि सुरईच्या गळ्याशी कधीकधी हाताने कोरलेला एकच आकडा असतो, कारण प्रत्येक बूच त्याच्याच गळ्यात घासून बसवलेलं असे. आकडे जुळले तर जोड मूळचा. वेगळे निघाले तर भाव निम्म्यावर आणायला लाजू नकोस.

पेले सपाट टेबलावर एका रांगेत लाव. एखादा केसभर बुटका आणि काठाला धारदार वाटला, तर टवका उडाल्यावर काठ घासलेला आहे. तो पेला धरू नकोस, पाचांचेच पैसे दे.

किंमत ठरवताना दुकानांतल्या चिठ्ठ्या पाहू नकोस. लिलावात तशी वस्तू प्रत्यक्ष कितीला गेली ते शोध. नक्षी, उंची आणि बुचाचा आकार, तिन्ही एखाद्या कारखान्याच्या जुन्या कॅटलॉगशी जुळल्याशिवाय नावाचा पैसा मोजायचा नाही. सुरई आवडली असेल तर सुरईचा मोज. आणि शनिवारी जाणार असशील तर सकाळी जा, संध्याकाळच्या बल्बखाली टवके दिसत नाहीत.

तुझा,
मामा