कांडी काढण्याआधी

बाळा, उद्यापासून धार-देवासच्या खेड्यांत कृत्रिम रेतनाला हिंडणार आहेस, तर थोडं कानात घालतो. आपल्या घरात ‘गाय माजावर आली’ म्हणतात, तिकडून फोनवर ‘गरमी में है’ ऐकू येईल. ऐकलंस की निघ, पण हात धुऊन.

वीर्याच्या कांड्या ठेवतो त्या नायट्रोजनच्या भांड्यावर भाबडा विश्वास ठेवू नकोस. उणे 196 अंशांत रेतपेशी तगतात, तसे जंतूही तगतात. गारठ्याने वीर्य शुद्ध होत नाही, ते मुळात स्वच्छच भरावं लागतं. म्हणून भोपाळच्या भदभदासारख्या वीर्य केंद्रात वळूला धुतात, मुतण्याच्या तोंडाचे केस कापतात, दर वेळी निर्जंतुक केलेली कृत्रिम योनी लावतात. तरी कातडीवरचे, शेणातले जंतू थोडे उतरतातच. त्यांच्यासाठी वीर्य पातळ करायच्या द्रावणात प्रतिजैविकं असतात. हल्ली काही जंतू त्यांनाही दाद देत नाहीत. क्षय, ब्रुसेलासाठी वळूंची तपासणी होते ती वेगळीच. हे सगळं केंद्राचं काम. ते वाया घालवायला रेतनाच्या गनवर चढवायची आपली एक मळकी शीथ पुरते.

मी घालवलं आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी शीथचं उघडं पुडकं खिशात विडीबंडलाशेजारी ठेवायचो. ओळीने गाई उलटल्या, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या, आणि मी वळूला शिव्या घातल्या. शेवटी एका म्हाताऱ्या कंपाउंडरने माझा खिसा उलटा केला. आत तंबाखूचा भुगा आणि गवताची कुसळं.

कांडी 37 अंशांच्या पाण्यात 30 सेकंद ठेव. थर्मामीटर वापर, बोट बुडवून अंदाज करू नकोस. मग ती पुसून कोरडी कर, कारण पाण्याचा थेंब आत गेला तर पेशी मरतात. ती गनमध्ये भर. गाईची निरण कागदाने कोरडी पुस. मालकाला तिचे ओठ फाकवून धरायला सांग, म्हणजे गन शेणाला न लागता आत जाईल. धांदल होते ती इथेच.

कुणी म्हणेल, ‘गावचा सांडच बरा’. वाद घालू नकोस. एवढंच सांग, की सांड एका गाईचा रोग दुसरीला देतो आणि त्याची तपासणी कुणी केलेली नसते. मालवी सांड दिसतो मात्र देखणा, हे मीही मान्य करतो.

गाभडलेल्या गाईच्या वारेला उघडा हात लावू नकोस. ब्रुसेला माणसालाही होतो. त्याची लस कालवडींना 4 ते 8 महिन्यांच्या वयात, एकदाच.

आणि उद्या हाटपिपल्याला जाशील, तेव्हा ती तिसऱ्यांदा उलटलेली गाय आधी बघ. माजाचा सोट काचेसारखा असेल तरच कांडी काढ. गढूळ किंवा पूमिश्रित असेल तर भांड्याचं झाकण उघडूच नकोस, डॉक्टरांना फोन लाव.