घरी कॅम बदलला आणि गाडी सुरू होईना : दोष कसा शोधावा?

"रात्री घरीच कॅम बदलला. सकाळपासून पन्नास वेळा किक मारली, पण गाडी सुरू होत नाही." अशी तक्रार घेऊन येणारे गिऱ्हाईक प्रत्येक गॅरेजवाल्याला केव्हा ना केव्हा भेटतेच. अशा वेळी बरेच मिस्त्री आधी कार्बोरेटर उघडतात, मग प्लग बदलतात, मग कॉइल. दिवस जातो, गिऱ्हाईकाचे पैसे जातात आणि दोष तिथेच राहतो. आमचे सांगणे एकच आहे. काल गाडी चालत होती आणि मध्ये फक्त कॅमला हात लागला असेल, तर दोष प्रथम तिथेच शोधावा.

उदाहरणादाखल आपण हिरो होंडाचे शंभर सीसीचे फोर स्ट्रोक इंजिन घेऊ. 1985 साली सीडी 100 आणि 1994 साली स्प्लेंडर या गाड्यांनी हे इंजिन गावोगावी पोहोचवले. यात कॅम हेडमध्ये असतो आणि टायमिंग चेनने फिरतो. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक फेरा होतो. समजा, कॅमच्या स्प्रॉकेटला 28 दात आहेत. चेन एका दाताने चुकली तर कॅम सुमारे 13 अंशांनी आणि क्रँकच्या हिशेबात सुमारे 26 अंशांनी चुकतो. एवढ्याने गाडी सुरू होत नाही किंवा झालीच तर ओढत नाही. चूक याहून मोठी असेल तर वॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकू शकतो. म्हणून पहिला नियम : किक मारणे ताबडतोब बंद करावे.

आता प्लग काढावा आणि मॅग्नेटच्या बाजूने पाना लावून इंजिन हाताने सावकाश फिरवावे. मध्येच कुठे टणक अडले तर जोर लावू नये. वॉल्व्ह पिस्टनला टेकला असण्याची शक्यता आहे. इंजिन मोकळे फिरत असेल तर मॅग्नेटवरची 'टी' खूण कव्हरवरच्या खुणेसमोर आणावी. येथे घरगुती कारागीर हमखास फसतो. शेजारीच 'एफ' ही खूण असते. ती ठिणगीची आहे, पिस्टन अगदी वर आल्याची नव्हे. 'टी' जुळलेली असताना कॅमच्या स्प्रॉकेटवरची खूणही हेडवरच्या खुणेसमोर आली पाहिजे. आली नाही तर चेन उतरवून पुन्हा बसवावी. चेनची ओढणारी बाजू ताठ राहावी आणि ढील टेन्शनरच्या बाजूला जावी. मग हाताने क्रँकचे दोन पूर्ण फेरे देऊन खुणा पुन्हा तपासाव्यात.

टायमिंग बरोबर असूनही गाडी सुरू होत नसेल तर टॅपेट पाहावे. कॅम बदलला की जुने सेटिंग संपले. टॅपेट घट्ट राहिले तर वॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन निसटते आणि पुढे एक्झॉस्ट वॉल्व्ह जळतो. ढिले राहिले तर टकटक आवाज येतो. थंड इंजिनावर, 'टी' जुळवून आणि दोन्ही रॉकर हलके हलत असताना, फिलर गेजने मॅन्युअलमध्ये दिलेले अंतर ठेवावे. रॉकर हलत नसतील तर क्रँकला आणखी एक फेरा द्यावा. अंदाजाने टॅपेट लावणारा हात कितीही अनुभवी असो, शेकडाव्या भागाचा मिलिमीटर त्याला कळत नाही.

यानंतर थ्रॉटल पूर्ण उघडून कॉम्प्रेशन मोजावे. कमी आले तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर रिंगा झिजल्या आहेत. तसाच राहिला तर वॉल्व्हकडे पाहावे. आवाजही बोलतो. कार्बोरेटरमधून फटफट येत असेल तर इनटेक वॉल्व्ह वेळेवर मिटत नाही, असा संशय प्रथम घ्यावा. मात्र वेगासाठी घातलेल्या रेसिंग कॅमने वॉल्व्ह जास्त वेळ उघडे राहतात. त्यामुळे कॉम्प्रेशनचा आकडा थोडा कमी येतो आणि मंद चाल डगमगते. तो दोष नव्हे, त्या कॅमचा स्वभाव आहे. हे गिऱ्हाईकाला आधीच सांगावे.

गाडी सुरू झाली म्हणजे काम संपले असे नाही. टॅपेटचे झाकण उघडून तेल वर पोहोचते का, ते मंद चालीत पाहावे. गास्केट चुकीचे बसून तेलाची वाट बंद झाली तर नवा कॅम थोड्याच वेळात चिरडतो. खड्डा पडलेले जुने रॉकर नव्या कॅमवर पुन्हा बसवू नयेत. ते त्यालाही खातात.

शेवटी धंद्याची गोष्ट. या तपासणीत वेळ आणि अक्कल दोन्ही लागतात, म्हणून तिची मजुरी वेगळी आणि आधी सांगून घ्यावी. काय सापडले ते बिलावर लिहावे, काढलेले भाग गिऱ्हाईकाच्या हाती द्यावेत. आणि चूक त्याची असली तरी चारचौघांत त्याला हसू नये. ज्याची गाडी तुम्ही विनाकारण न उघडता दुरुस्त केली, तो पुढच्या वेळी घरी पाना उचलण्याआधी तुमच्याकडे येईल.