औषधाचा नेम, एकादशी आणि वारी

नेम म्हणजे काय, हे वारकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. पहाटेचा काकडा, सांजेचा हरिपाठ, पंधरवड्याची एकादशी, आषाढी-कार्तिकीची वारी. ऊन असो, पाऊस असो, नेम चुकत नाही. आज मात्र एका निराळ्या नेमाचा पाठ घ्यावयाचा आहे. ज्याला महिनोन्‌महिने ॲण्टिबायोटिक औषध घ्यावे लागते, त्याने जेवण, दूध, फराळ आणि ताकदीच्या गोळ्या यांच्या वेळा कशा राखाव्यात, हा तो पाठ होय. औषध हाती असून, रोज पोटात जाऊनही अंगी लागू नये, यासारखे दुर्दैव नाही. आणि ते टाळणे बव्हंशी आपल्याच हाती आहे.

आपल्या सातारा जिल्ह्यापुरते पाहिले तर असे लांबचे औषध मुख्यतः क्षयासाठी घ्यावे लागते. एके काळी क्षयावर औषध नव्हते. हवापालट, विश्रांती आणि पौष्टिक अन्न एवढाच आधार. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली पाचगणीस आरोग्यधाम काढले ते याचसाठी. रहिमतपूरच्या स्टेशनावरून गाडीत बसले की पुढे मिरज. त्या मिरज-सांगलीच्या मधे वानलेसवाडीचे आरोग्यधामही त्याच काळचे. पुढे १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, १९५२ पासून आयसोनियाझिड आले, आणि १९६० नंतरच्या दशकात रिफाम्पिसिन. आपल्याकडे पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. देहूहून निघालेली तुकोबारायांची पालखी पुण्यास जाते ती याच पिंपरीवरून. आज साध्या क्षयाचे औषध सहा महिन्यांचे आहे, रोज घ्यावयाचे आहे आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. तेव्हा प्रश्न उरला तो नेमाचा.

पहिला पाठ : उपाशीपोटीचे औषध

रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड ही क्षयावरील दोन मुख्य औषधे. पोटात अन्न असले की ती रक्तात कमी उतरतात. म्हणून ती जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावीत. आपल्या लोकांची गफलत होते ती चहापाशी. ‘सकाळपासून काही खाल्लं नाही, नुसता चहा घेतला,’ असे म्हणतात. बाबांनो, दूधसाखरेचा चहा म्हणजे उपाशीपोट नव्हे! काकड्याला उठलात की चूळ भरावी, पेलाभर पाण्याबरोबर गोळ्या घ्याव्यात, आणि चहा-न्याहारी तासाभराने करावी. काकड्याचा नेम आणि औषधाचा नेम असे एकमेकांस बांधले म्हणजे आठवण निराळी ठेवावी लागत नाही.

कोणाला रिकाम्या पोटी फार मळमळते. त्याने गोळ्या टाकून देऊ नयेत. डॉक्टरांना सांगावे, त्यांच्या सल्ल्याने थोड्याशा हलक्या खाण्याबरोबर घेता येतात. थोडे कमी उतरलेले औषध हे न घेतलेल्या औषधापेक्षा केव्हाही बरे. ऍसिडिटीचे पांढरे पातळ औषध मात्र गोळ्यांबरोबर घेऊ नये. त्यांतील ॲल्युमिनियम आयसोनियाझिडला अडविते.

दुसरा पाठ : दूध, लोह आणि चुना

दुसरी एक जात आहे, डॉक्सिसायक्लिन, टेट्रासायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन वगैरेंची. गुरे गाभडतात त्या ब्रुसेलोसिस रोगाची बाधा कच्च्या दुधातून किंवा गाभडलेल्या जनावराची वार हाताळताना माणसालाही होते. त्यावर डॉक्सिसायक्लिन दुसऱ्या औषधाच्या जोडीने सहा आठवडे द्यावे लागते. लेव्होफ्लॉक्सासिन हे औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी महिनोन्‌महिने देतात.

या औषधांचे वैर अन्नाशी तितके नाही, जितके धातूंशी आहे. कॅल्शियम, लोह, जस्त, मॅग्नेशियम पोटात भेटले की औषध त्यांना चिकटून बसते. ती जोडगोळी आतड्यातून रक्तात शिरत नाही, तशीच बाहेर पडते. दुधात, दह्यात कॅल्शियम आहे. तंबाखूत मळलेला आणि पानाला लावलेला चुना हाही कॅल्शियमच. रक्तवाढीच्या गोळीत लोह आहे, ‘ताकदीच्या’ रंगीत गोळीत बहुधा हे सगळेच आहे.

मग लोहाची गोळी सोडावी काय? मुळीच नाही. बाळंतिणीला, अशक्ताला ती हवीच. फक्त वेळ बदलावी. सर्वांत सोपा हिशेब असा, की औषध सकाळी आणि लोह-कॅल्शियम संध्याकाळी. औषध दोन वेळा घ्यावयाचे असेल तर ताकदीची गोळी दुपारी, दोहोंच्या मध्ये, डॉक्टरांना विचारून. सिप्रोफ्लॉक्सासिन हे अशा गोळ्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावे, असा दंडक आहे. लोह आणि कॅल्शियम यांचेही आपसांत पटत नाही. त्यांतही अंतर ठेवावे. लोहाबरोबर चहा नको, लिंबू किंवा आवळा चालेल.

डॉक्सिसायक्लिनचे आणखी दोन नियम. गोळी घोटभर पाण्याने न गिळता भरपूर पाण्याने गिळावी, आणि निदान अर्धा तास आडवे होऊ नये. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तेथे जखम करते. दुसरे, या औषधाने ऊन बाधते. दिवसभर चालणाऱ्याने डोक्यास रुमाल आणि अंगभर बाह्या ठेवाव्यात.

तिसरा पाठ : अन्नाबरोबरचे औषध

सगळीच औषधे उपाशीपोटी, असेही समजू नये. कुष्ठरोगावर सहा किंवा बारा महिने जे उपचार चालतात, त्यांतील क्लोफॅझिमिन जेवणाबरोबर घ्यावयाचे असते. दाद न देणाऱ्या क्षयावरील बेडाक्विलिनही अन्नाबरोबरच चांगले उतरते. म्हणून शेजाऱ्याचा नियम आपल्याला लावू नये. औषध हाती घेतानाच विचारावे : ‘हे उपाशीपोटी की जेवून? दुधाबरोबर चालेल का? माझी रक्ताची गोळी कधी घेऊ?’ उत्तर कागदावर लिहून घ्यावे आणि तो कागद घरी देवघराशेजारी लावावा.

एकादशीचे काय?

आता खरा अडसर. कित्येक माळकरी एकादशीला गोळ्या घेत नाहीत. ‘उपास मोडेल’ ही एक समजूत, आणि ‘उपाशी औषध सोसणार नाही’ ही दुसरी. दोन्ही तपासून पाहू.

व्रत ज्यांनी मोडत नाही अशा आठ गोष्टी धर्मशास्त्रात सांगितल्या आहेत. त्यांत पाणी, कंदमूळ, फळ आणि दूध यांबरोबर औषधाचे नाव स्पष्ट आहे. म्हणजे औषध घेतल्याने एकादशीला बाध नाही. महिन्याच्या दोन एकादश्या धरल्या तर सहा महिन्यांत बारा दिवस औषध चुकते; तेवढ्यात उरलेसुरले जंतू डोके वर काढतात आणि पुढे औषधाला दाद देईनासे होतात.

रिफाम्पिसिनवाल्यास तर एकादशी सोयीचीच. पहाटे पाण्याबरोबर गोळ्या घ्याव्यात, तासाभराने दूध, राजगिऱ्याचा लाडू, रताळे, शेंगदाणे घ्यावेत. डॉक्सिसायक्लिनवाल्याने मात्र सावध राहावे, कारण त्या दिवशी सारा फराळ दुधादह्याचा असतो. गोळी सकाळी पाण्याबरोबर, आणि दूध-दही दोन तासांनी पुढे. आजार अंगात असताना निर्जळी करू नये. अशक्ताने, बाळंतिणीने, मधुमेह्याने उपासही डॉक्टरांना विचारूनच करावा. ज्याला औषध जेवणाबरोबरच घ्यावयाचे आहे, त्याने फराळाबरोबर घ्यावे.

वारीत औषध

क्षयाचे औषध नुकतेच सुरू झाले असेल तर निदान पहिले दोन आठवडे, आणि त्यापुढेही डॉक्टर ‘हरकत नाही’ म्हणेपर्यंत, दिंडीत जाऊन राहुटीत दाटीने झोपू नये. आपला खोकला दहा जणांच्या घरी जाऊ न देणे हीही सेवाच आहे. परवानगी मिळाल्यावर निघताना लोणंद, फलटण, पंढरपूर या टप्प्यांचा हिशेब करून औषध आधीच मागून घ्यावे. गोळ्या सामानाच्या ट्रकमध्ये टाकू नयेत; ट्रक पुढे जातो, आपण मागे राहतो. त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून खांद्याच्या झोळीत ठेवाव्यात. एखादी वेळ चुकली तर त्याच दिवशी आठवताच घ्यावी, पण दुसऱ्या दिवशी दोन दिवसांच्या गोळ्या एकदम घेऊ नयेत.

काही खुणा ध्यानात असाव्यात. रिफाम्पिसिनने लघवी, घाम केशरी होतात. त्याने घाबरू नये. परंतु डोळे पिवळे झाले, सारख्या उलट्या झाल्या, अन्नावरची वासना उडाली किंवा नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हातापायांस मुंग्या येऊ नयेत म्हणून आयसोनियाझिडबरोबर ब-६ जीवनसत्त्वाची गोळी देतात, ती टाकू नये. दारू यकृतास घातक, ती या काळात मुळीच नको.

वेळेइतकेच अन्नही महत्त्वाचे. झारखंडात झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, क्षयरोग्याच्या घरच्यांना पुरेसे धान्य व डाळ दिल्याने त्या घरांत नवा क्षय ३९ टक्क्यांनी कमी झाला. सरकार उपचारकाळात पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिना १००० रुपये बँकेत जमा करते. माळकऱ्याने त्या पैशांत डाळी, शेंगदाणे, दूध, भाज्या आणाव्यात, आणि ते रोग्याच्याच ताटात पडतील असे पाहावे.

शेवटी एकच गोष्ट घट्ट धरावी. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंग भरते, आणि मन म्हणते, ‘आता बरे झालो, कशाला गोळ्या?’ हीच वेळ धोक्याची. पंढरपूर दिसू लागले म्हणून वाखरीहून कोणी माघारी फिरत नाही. सहा महिन्यांचा नेम सहाव्या महिन्यापर्यंत चालवावा, आणि डॉक्टरांनी सांगितल्यावरच सोडावा. रामकृष्णहरि.